शंकरपटाचा गेम आणि क्लाउड बिल्डच्या सेटिंग्ज

शंकरपटावरचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवरचा, आमचा छोटा अँड्रॉइड गेम युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो. मात्र त्याचे बिल्ड, म्हणजे मोबाइलवर चालणारी तयार फाइल, मी दारव्हा तालुक्यातल्या घरी काढत नाही, युनिटीच्या ‘बिल्ड ऑटोमेशन’ या क्लाउड सेवेवर काढतो. सी-शार्प कोडचे आधी सी-प्लस-प्लसमध्ये आणि नंतर मोबाइलच्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारी आयएल-टू-सीपीपी प्रक्रिया रॅम आणि वेळ दोन्ही भरपूर खाते, आणि भारनियमनात मध्येच लाइन गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. क्लाउडवर एकदा काम सुरू झाले की इकडे लाइन असो वा नसो, तिकडे ते चालूच राहते.

गिटवर, म्हणजे क्लाउड सेवा जिथून प्रकल्पाच्या फाइल उचलते त्या साठ्यावर, ॲसेट्स, पॅकेजेस आणि प्रोजेक्ट सेटिंग्ज हे तीनच फोल्डर पाठवावेत. लायब्ररी फोल्डर युनिटी स्वतः नव्याने तयार करते, त्यामुळे त्यावर मोबाइलचा डेटा खर्च करण्याचे कारण नाही. युनिटीची आवृत्ती प्रकल्पात नोंदलेली असेल तीच निवडावी. प्रत्येक पुशनंतर (गिटवर बदल पाठवल्यावर) आपोआप बिल्ड काढण्याची सोय मी बंदच ठेवतो, कारण क्लाउडवरच्या वेळेचा हिशोब होत असतो.

सर्वांत जास्त लक्ष कीस्टोअरकडे, म्हणजे ॲपवर डिजिटल स्वाक्षरी करणारी की ठेवलेल्या फाइलकडे, द्यावे, असे माझे ठाम मत आहे. क्लाउडच्या सेटिंग्जमध्ये डीबग कीस्टोअर (फक्त चाचणीसाठीचे) राहिले, तर बिल्ड यशस्वी दिसते, पण प्ले कन्सोल, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप चढवण्याची गूगलची साइट, ती फाइल स्वीकारत नाही. त्यामुळे कीटूल या जावासोबत येणाऱ्या प्रोग्रामने स्वतःचे कीस्टोअर तयार करावे, त्याची वैधता २२ ऑक्टोबर २०३३ नंतरपर्यंत राहील असे पाहावे आणि फाइल, एलियास (कीचे नाव) व कीस्टोअर आणि की या दोन्हींचे पासवर्ड क्लाउडच्या क्रेडेन्शियल्समध्ये भरावेत. गिटवर मात्र ती फाइल कधीही जाऊ देऊ नये. प्ले ॲप साइनिंग या गूगलच्या सोयीत अंतिम स्वाक्षरीची की गूगलकडे असते आणि आपली अपलोड की हरवल्यास ती बदलून मिळू शकते. तरीही आमच्या कीस्टोअरची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर आणि दुसरी अमरावतीला बहिणीच्या घरी आहे.

ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नव्या ॲपसाठी एपीके, म्हणजे मोबाइलवर थेट इन्स्टॉल होणारी फाइल, चालत नाही, म्हणून ‘ॲप बंडल’चा, म्हणजे जिच्यातून प्ले स्टोअर प्रत्येक मोबाइलसाठी वेगळी फाइल काढतो त्या फाइलचा, पर्याय निवडावा लागतो. मोनो या दुसऱ्या बॅकएंडवर (कोड चालवण्याच्या पद्धतीवर) अँड्रॉइडसाठी फक्त ३२ बिटचे बिल्ड निघते आणि प्ले स्टोअरला ६४ बिट हवेच, म्हणून आयएल-टू-सीपीपी निवडून एआरएम-६४ या ६४ बिट प्रोसेसरच्या पर्यायावर खूण करावी. त्यासोबत ३२ बिट प्रोसेसरचा एआरएम-व्ही-७ पर्यायसुद्धा ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे जुने, स्वस्त मोबाइल अजून अनेकांच्या हातात आहेत, आणि बंडलमधून प्रत्येक मोबाइलला त्याच्यापुरताच भाग मिळत असल्याने डाउनलोड वाढत नाही. टार्गेट एपीआय (ॲप ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बनवले तिचा क्रमांक) ३५ किंवा त्यापुढचा असावा, कारण ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि अपडेटना ती अट आहे.

व्हर्जन कोड, म्हणजे ॲपच्या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक, प्रत्येक अपलोडला वाढलाच पाहिजे. तो हाताने बदलण्यापेक्षा प्री-एक्स्पोर्ट मेथड (बिल्ड निघण्याआधी चालणारा छोटा कोड) लिहावी, जी क्लाउडच्या बिल्ड मॅनिफेस्टमधून, म्हणजे बिल्डच्या माहितीच्या नोंदीतून, बिल्ड क्रमांक घेते आणि प्लेअर सेटिंग्जमधल्या व्हर्जन कोडमध्ये भरते. क्लाउडवरच्या बिल्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये (सेटिंग्जच्या संचात) मेथडचे नाव क्लाससह, अक्षरशः जसेच्या तसे द्यावे लागते.

बंडल फाइल मोबाइलवर थेट इन्स्टॉल होत नाही. त्यामुळे चाचणीसाठी एपीके देणारे वेगळे कॉन्फिगरेशन मी ठेवले आहे. त्याची शेअर लिंक पाठवली की गावातली पोरे आपापल्या मोबाइलवर गेम उतरवून घेतात आणि जोडी कुठे अडखळते ते त्याच संध्याकाळी कळवतात.