परड्यातल्या फुलझाडांची छाटणी: बेळगावच्या पावसात वर्षभराचा माझा अनुभव

माझं माहेर अथणी तालुक्यात, द्राक्षाच्या पट्ट्यात. तिकडे छाटणी म्हटलं की पोराटोरांनाही दोन महिने ठाऊक असतात: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. एप्रिलनंतर ज्या काड्या तयार होतात त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून फूट येते त्या कोंबांत, पुढच्या घडाचा गर्भ धरतो, आणि ऑक्टोबरात नेमक्या डोळ्यावर कात्री चालवली की तोच घड बाहेर पडतो. लग्न होऊन बेळगावात, अनगोळच्या घरी आले तेव्हा मागच्या परड्यात द्राक्षाचा वेल एकही नव्हता. होते ते गुलाब, मोगरा, जाई, कुंद, अनंत, जास्वंद, कण्हेर, पारिजातक, कुंपणाची मेंदी आणि फाटकावर चढलेली बोगनवेल. सासूबाईंचे गुडघे धरायला लागले तसं हे सगळं माझ्या हाती आलं.

सासूबाईंचं वेळापत्रक सणांवर चालायचं. दसरा झाला की गुलाब, संक्रांतीच्या आत मोगरा, मिरगाआधी बोगनवेल. ते बिनचूक होतं, पण मला त्यामागचं कारण हवं होतं, कारण सण मागेपुढे होतात आणि पाऊसही. मग मी प्रत्येक झाडाजवळ बसून माहेरचाच प्रश्न विचारायला लागले: याची कळी धरते कुठे? यंदाच्या नव्या फुटीवर, की गेल्या हंगामात तयार झालेल्या काडीवर? नव्या फुटीवर धरत असेल तर हंगामाच्या आधी छाटावं. जुन्या काडीवर धरत असेल तर फुलं संपल्या संपल्या. याच्यावर बेळगावची एक अट: भर पावसात जखम करायची नाही.

सुरुवात गुलाबापासून, म्हणजे ऑक्टोबरात. जून ते सप्टेंबर इथे पानं वाळायला सवडच मिळत नाही. गाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, पश्चिमेला घाट जवळ, झिमझिम लागली की दिवसदिवस थांबत नाही. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात, खालची पानं गळतात, आणि अशा हवेत कापलेली काडी टोकापासून काळी पडत खाली उतरते. म्हणून पाऊस गेल्याची खात्री पटली, सलग उन्हं पडायला लागली, की मगच कात्री काढायची.

आधी मेलेली, काळी पडलेली, पेन्सिलीहून बारीक आणि एकमेकींवर घासणारी काडी काढते. झाड मधून मोकळं झालं, आत उजेड शिरला, की चार-पाच दणकट फांद्या ठेवून त्या गुडघ्याच्या खालपर्यंत आणते. हे कलमी गुलाबाचं. गावठी गुलाबाला इतकं उतरवत नाही, वरवर चालवते. कापताना बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा शोधायचा आणि त्याच्या वर पाव इंच सोडून, डोळ्याच्या उलट बाजूला उतार देत कापायचं, म्हणजे दव किंवा पाणी डोळ्यावर साचत नाही. आतल्या डोळ्यावर कापलं तर फूट झाडाच्या पोटात घुसते. काप झाल्यावर गाभा बघावा. पांढरा-हिरवट असेल तर काडी निरोगी. तपकिरी दिसला तर आणखी खाली, पांढरा लागेपर्यंत जायचं. इथे हात आखडता घेऊन उपयोग नाही, तपकिरी गाभा राहिला की रोग आतल्या आत उतरतच जातो.

कलमाच्या गाठीखालून, म्हणजे खालच्या खुंटातून, जे जोमदार फुटवे येतात ते माती उकरून बुडापासूनच काढायचे. पानांची संख्या मोजून ते ओळखायचं म्हणतात, पण माझा त्यावर भरवसा नाही. फुटवा निघालाय कुठून, ते बोटाने चाचपून बघणं खात्रीचं.

अंगठ्याएवढ्या जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावते. घरच्यापुरती १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या डब्यांत भिजवून मग एकत्र ढवळायचं, लोखंडी किंवा पितळी भांडं वापरायचं नाही. तयार झाल्यावर लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घालायचा. आमच्या मळ्यावर वडील विळ्याने हीच परीक्षा करायचे. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवायची. ऑक्टोबरच्या मध्यात छाटलेल्या गुलाबाला साधारण ४० ते ४५ दिवसांत फुलं लागतात, म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची फुलं मिळतात. आमच्याकडे तेवढ्यासाठी तरी ही छाटणी लांबवत नाहीत.

मोगऱ्याचं काम डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. त्याची कळी नव्या फुटीवर येते, म्हणून थंडीत झाड झोपवायचं आणि जागं झाल्यावर सगळा जोर नव्या फुटीला द्यायचा. आधी दोनेक आठवडे पाणी तोडते. पानं पिवळी पडायला लागतात, बघवत नाही, पण ते व्हावंच लागतं. मग झाड जमिनीपासून दीड फुटावर आणते, वाळक्या काड्या काढते आणि राहिलेली पानं हाताने ओरबाडून टाकते. बुडाची तांबडी माती हलकी उकरून चार दिवस उन्हं खाऊ द्यायची, मग शेणखत आणि भरपूर पाणी. उघड्या काड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवे डोळे फुगलेले दिसले की जीव भांड्यात पडतो. मार्चपासून वळवाच्या पावसापर्यंत परात भरून फुलं येतात, आणि प्रत्येक बहर ओसरला की शेंडे खुडले की पुढचा बहर लवकर धरतो. जाईलाही जानेवारीतच कापते. ती पावसाळ्यात फुलते, तोवर तिला वाढायला पुरेसा वेळ मिळतो.

मात्र मोगरा कापायला बसलं की शेजारच्या कुंदाकडे कात्री वळवायची नाही. तोही त्याच घराण्यातला, पण तो फुलतो थंडीत, माघात तर अंगभर. त्याला मार्चमध्ये, फुलं संपल्यावर. पारिजातक श्रावण ते कार्तिक फुलून दमलेला असतो, त्याला डिसेंबरात हात पोचेल इतकाच उंच ठेवते.

जास्वंद नव्या फुटीवरच फुलते, म्हणून तिचा महिना फेब्रुवारी. पण सगळं झाड एकदम उतरवलं तर संकष्टीला गणपतीपुढे काय ठेवायचं? मी आधी अर्ध्या फांद्या कापते आणि त्यांना फूट आली की उरलेल्या. उन्हाळ्यात शेंड्यांवर पिठ्या ढेकूण कापसासारखा चिकटतो, ते शेंडे खुडून पिशवीत बंद करून फेकायचे, खताच्या खड्ड्यात नाहीत. कण्हेर कापताना हातमोजे लागतातच. तिचा चीक विषारी, पाला गुरांनी खाल्ला तर जिवावर बेततं, आणि वाळलेल्या फांद्या न्हाणीच्या चुलीत घालायच्या नाहीत, धूरसुद्धा वाईट. हे मी कामाला येणाऱ्या प्रत्येकाला दोनदा सांगते.

बोगनवेल मे अखेरीस, बहर ओसरल्यावर चांगली आत घेते. पावसात ती हातभर काट्यांचे सोट फेकते, ते सप्टेंबर सरताना खुडले की थंडीपासून रंग धरतो. मेंदीच्या कुंपणाला तेवढं पावसाचं वावडं नाही, वाढेल तसं सपाट करावं. तरी आधी आत डोकावून बघावं. शिंपी पक्ष्याची पानं शिवलेली घरटी याच दिवसांत असतात, आणि घरटं दिसलं की तेवढा तुकडा मी पिल्लं उडेपर्यंत तसाच ठेवते.

सगळ्यात कठीण गेला तो अनंत. पहिल्या हिवाळ्यात तो वेडावाकडा वाढलेला पाहून मी कात्री घेऊन निघाले, तर सासूबाईंनी पडवीतूनच हाक मारली, "अगं, त्याला आत्ता नको हात लावूस. कळ्या पोटात आहेत त्याच्या." अनंताची कळी गेल्या हंगामातल्या पक्व शेंड्यात धरते. हिवाळ्यात कापलं की मे-जूनची फुलं गेलीच म्हणायची. म्हणजे छाटायचं फुलं संपल्यावर, आणि फुलं संपतात ऐन आषाढात, जेव्हा इथे आभाळ फाटलेलं असतं. माझे दोन्ही नियम इथे एकमेकांच्या आड येतात.

मी मार्ग काढला तो असा. आषाढात फक्त सुकलेली फुलं देठासह खुडत राहते, त्याने मोठी जखम होत नाही. श्रावणातली पहिली मोठी उघडीप आली, पानं वाऱ्याने सुकली, की त्याच सकाळी छाटणी उरकते. वेडे वाढलेले शेंडे पानांच्या दोन जोड्या उतरवून, आत आत शिरणाऱ्या फांद्या मुळापासून. जाड फांदी कापायची वेळ आलीच तर लगेच पेस्ट, आणि ती धुऊन जाऊ नये म्हणून दिवसभर आभाळाकडे लक्ष. दर झाडानंतर कात्रीचं पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेते, पावसाळ्यात एकाची बुरशी दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. ऑगस्ट संपला की अनंताला हात लावत नाही. नव्या फुटीला थंडीच्या आत पक्व व्हायला तेवढे महिने लागतात, नाहीतर ती कोवळीच राहते आणि कळी धरत नाही.

हे सगळं बेळगाव शहराच्या हवेचं. खानापूर-जांबोटीकडे ओल जास्त दिवस टिकते, तिकडे गुलाबाला दिवाळीनंतरच हात घालावा. माझ्या माहेरी अथणीला बहिणीने हेच वेळापत्रक लावलं, पण तिकडे परतीचा पाऊसच जोराचा असतो आणि मार्चचं ऊन भाजून काढतं, म्हणून ती जास्वंद जानेवारीतच उरकते आणि उघड्या पडलेल्या फांद्यांना चुन्याचा हात देते. अनंत मात्र तीही श्रावणातच कापते.