भाड्याचं घर शुक्रवारी सकाळी बघा

पुण्यात घर शोधणारा माणूस आधी एरिया ठरवतो, मग बजेट, मग मजला. पाण्याचं विचारतो ते टोकन देऊन झाल्यावर. एजंटला "पाणी कसंय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "चोवीस तास." ते खोटंही नसतं. नळाला चोवीस तास पाणी असतं, फक्त ते गच्चीवरच्या टाकीतलं असतं, आणि टाकीत ते कुठून आलं हे कुणी सांगत नाही. म्हणून प्रश्न बदला. कॉर्पोरेशनची लाइन आहे का? बोअर आहे का? मे महिन्यात दिवसाला टँकर किती लागतात? आणि त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे?

देखभाल-दुरुस्तीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारी. "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल" हे वाक्य पुणेकरांना तोंडपाठ आहे. ज्या आठवड्यात त्या भागाचं पाणी बंद असेल, त्याच शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला घर बघायला जा. ज्या बिल्डिंगची साठवण टाकी पुरेशी मोठी आहे तिथे काही जाणवत नाही, आणि जिथे नाही तिथे बादल्या जिन्यात आलेल्या दिसतात. स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला नळ एकदम सोडा, फ्लश करा, धार किती पडते ते पाहा. शॉवरच्या भोकांवर पांढरा थर असेल तर पाणी बहुतेक बोअरचं. त्याने केस चिकटतात, गिझरची कॉइल लवकर जाते आणि डाळ शिजायला वेळ लागतो. शेवटी वॉचमनला विचारा टँकर किती वाजता येतो. "येतो का" असं विचारलंत तर नाही म्हणेल.

यामागे पुण्याच्या वाढीचा हिशोब आहे. 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. धायरी, उंड्री, आंबेगाव पहिल्या खेपेत; वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, पिसोळी दुसऱ्या. हद्दीत आलं म्हणजे पाइपलाइन आली असं होत नाही. टॉवर आधी उभे राहिले आणि नळ अजून वाटेत आहे, अशा सोसायट्या या पट्ट्यात भरपूर आहेत. भाडं तिथे कमी असण्याचं हे एक मोठं कारण. पिंपरी-चिंचवडमध्ये गणित वेगळं. तिथे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. वाकड, रावेत, पिंपळे सौदागरला घर घेताना साठवण टाकी दोन दिवस पुरते का, एवढं एक विचारलं तरी काम होतं. आणि 2025 च्या जानेवारीत जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) या रोगाचे रुग्ण सगळ्यात जास्त सापडले ते किरकटवाडी, नांदेड, धायरी, सिंहगड रोड याच भागात, दूषित पाण्याचा संशय होता. तेव्हा पाणी कुठलं आणि त्यात क्लोरीन कोण टाकतं, हे विचारायला लाजू नका.

पाणी नळातून येत नाही तिथे कधीकधी ते ओढ्यातून येतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावतीच्या बाजूला काय केलं ते जुन्या रहिवाशांना विचारा. 25 जुलै 2024 ला मुठा सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरली, आणि त्याच दिवशी डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. नकाशावर नदीला दोन रेषा असतात: निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. पण नकाशा नसला तरी बिल्डिंग स्वतः सांगते. पार्किंगमध्ये उभं राहा. भिंतीवर गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीला सरळ आडवी मळकट रेघ आहे का? खालच्या फुटभर भागालाच नवा रंग मारलाय का? मीटरची पेटी मूळ जागेवरून उचलून वर बसवल्याच्या खुणा आहेत का? जुने स्क्रू, भोकं, कापलेल्या पाइपांची टोकं दिसली तर तिथे पाणी येऊन गेलंय. अशा सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहिलात तरी गाडी खालीच लावायची असते, आणि लिफ्टचा खड्डा, पाण्याचा पंप, मीटर सगळं तळालाच असतं.

आता पैसे. भाड्याच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे लिहा: मेंटेनन्स, टँकर, पेट्रोल. समजा ऑफिस हिंजवडीत आणि घर धायरीत, कारण तिथे भाडं तीन हजारांनी कमी. एका बाजूने साधारण वीस किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे साडेनऊशे किलोमीटर. पंचेचाळीसचं अॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरला एकवीस लिटर पेट्रोल लागतं. दोन हजारांच्या वर गेले, आणि वर नवले पुलाचा उतार रोज दोनदा. कात्रज बोगद्याकडून खाली येणारे ब्रेक तापलेले ट्रक आणि सर्व्हिस रोडवरून मध्येच घुसणाऱ्या दुचाक्या यांची तिथे गाठ पडते. उरलेले हजार रुपये त्या उताराच्या मानाने स्वस्त वाटत नाहीत. हाच माणूस स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला नोकरीला असेल तर धायरी चालेल.

मेट्रोचंही तसंच, ऑफिस मार्गावर असेल तरच उपयोग. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला एकमेकींना भेटतात. स्टेशनला चिकटून घर घ्यायचं कारण नाही. दहा-पंधरा मिनिटं चालायच्या अंतरावर भाडं उतरतं.

स्वस्त आणि सुरक्षित दोन्ही हवं असेल तर नव्या टॉवरच्या वन बीएचकेपेक्षा जुन्या, लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायटीत तिसरा मजला शोधा. कोथरूडच्या आतल्या गल्ल्या, कर्वेनगर, धनकवडी, बिबवेवाडी, जुनी सांगवी इथे अशी घरं आहेत. जिमखाना, स्विमिंग पूल काही मिळणार नाही. पण कॉर्पोरेशनचं पाणी असतं, खाली किराणा आणि मेडिकल असतं, आणि बाल्कनीतल्या काकूंची नजर सीसीटीव्हीपेक्षा चांगली. बघायचं ते गच्चीला वॉटरप्रूफिंग आहे का (वरच्या मजल्याच्या छताला पिवळे डाग म्हणजे नाही), आणि वायरिंग कधीचं आहे. एसी लावायचा असेल तर सोळा अॅम्पियरचा पॉइंट आणि त्याला वेगळा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) हवा. पेठांतले वाडे, त्यातल्या कॉट बेसिसच्या (खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहायच्या) खोल्या यांचं भाडं मोहात पाडतं खरं. पावसाळ्यात भिंतीच्या फुगवट्याकडे बघून मग ठरवा.

रात्री दहानंतर एकदा त्या एरियात जा, आणि बसस्टॉपपासून गेटपर्यंत चालत जा. दिवे लागतात का, एखादं तरी दुकान उघडं आहे का, रिक्षावाला यायला तयार होतो का. नवीन एरियांत टॉवरच्या आत झगमगाट आणि बाहेर पाचशे मीटर काळोख, दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले प्लॉट, असा प्रकार फार. एकट्या राहणाऱ्या मुलींसाठी ते पाचशे मीटर महत्त्वाचे. बाकी माहिती इस्त्रीवाल्याकडे मिळते. कुठली सोसायटी बॅचलरना त्रास देते, कुठे रोज भांडणं, कोण घर कशामुळे सोडून गेलं, सगळं.

बिल्डिंगमध्ये शिरताना जिन्याखाली बघा. मीटर तिथेच, दुचाक्या तिथेच आणि एक्स्टेंशनवर कुणाची ई-स्कूटर चार्जिंगला, असं असेल तर घर कितीही छान असू दे. आग लागली तर धूर वर चढायला जिना सोडून दुसरी वाट नसते, आणि उतरायलाही नसते. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर झरोका किंवा एक्झॉस्ट हवाच. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडल्यावर कळतं. मालकाला गिझर बाहेर बसवायला सांगा, नाहीतर इलेक्ट्रिकचा मागा.

कागदांकडे येऊ. पुण्यात बऱ्याच मालकांचा आग्रह असतो, "नोटरी करून टाकू, रजिस्टर कशाला?" कारण सांगत नाहीत. कारण बहुतेक वेळा हे: मालक स्वतः राहत असेल तर महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, घर भाड्याने दिल्याचं उघड झालं की ती जाते. त्यांची अडचण समजू शकते, पण तुमच्या डिपॉझिटचा पुरावा त्यासाठी पणाला लावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकाला हे शांतपणे सांगितलं की सूर बदलतो.

खर्चही फार नसतो. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या दरसाल 10 टक्के धरलेल्या रकमेवर. भाडं 18 हजार, डिपॉझिट 60 हजार, मुदत 11 महिने असेल तर हे पाच-सहाशेच्या घरात बसतं. शहरी हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकी जे लागतं ते घरी बायोमेट्रिक घेऊन येणाऱ्या माणसाचं. एजंट या कामाचे किती घेतोय ते या आकड्यांशी ताडून बघा. एजंटचं कमिशन सहसा महिन्याचं भाडं, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं. दोन्ही आकडे घर बघण्याआधी ठरवा. "सैन्यात आहे, बदली झाली, क्यूआर कोडवर टोकन टाका, चावी कुरिअरने येईल" असं सांगणारा फसवाच असतो. मालकाचं नाव मिळकतकराच्या पावतीवर आणि इंडेक्स टूवर (घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) जुळलं पाहिजे, आणि महावितरणच्या शेवटच्या बिलावर मागची थकबाकी शून्य हवी.

करारात काय हवं: डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशी परत, रंगाचे पैसे कापायचे असतील तर आकडा आधीच लिहिलेला, लॉक-इन (त्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत) किती महिने, मेंटेनन्स आणि टँकर कोणाकडे. घर भाड्याने दिलंय म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते ते मालकाने भरायचे असतात आणि ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाहीत. तो खर्च तुमच्यावर ढकलला असेल तर खोडायला लावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम, पण प्रत तुम्ही मागून घ्या. बाणेरला राहत असाल तर पुणे पोलीस. वाकड किंवा हिंजवडी असेल तर 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय आहे. चुकीच्या साइटवर फॉर्म भरला तर तो भरल्यातच जमा होत नाही.

चावी हातात आली की सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, भिंतीवरचे डाग, फुटक्या टाइल्स, मीटरचं रीडिंग सगळं घ्या, आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर मालकाला सांगून बदला. आधीच्या भाडेकरूकडे, त्याच्या मोलकरणीकडे आणि एजंटकडे किती चाव्या फिरतायत हे कुणालाच माहीत नसतं.