ट्रकला ॲल्युमिनियम डिस्क लावताय? आधी स्टड मोजा

ट्रकच्या स्टील डिस्क (म्हणजे टायर बसतो ती धातूची चाकं) काढून ॲल्युमिनियमच्या लावायचं ठरलं की चर्चा होते ती वजनाची आणि चकाकीची. टँकर-बल्करवाल्यांना त्यातून पेलोड, म्हणजे जास्तीचा माल नेण्याची जागा, मिळतो, तेव्हा ते साहजिकच आहे. नटांचा विषय मात्र अगदी शेवटी निघतो आणि ‘जुनेच लावा’ म्हणून मिटतो. मला हे धोक्याचं वाटतं.

चाक ज्या हबवर (आसाच्या टोकाच्या फिरत्या भागावर) बसतं, त्यातून बाहेर आलेले आट्यांचे बोल्ट म्हणजे स्टड. ॲल्युमिनियम डिस्क स्टडच्या भोकापाशी स्टीलच्या साधारण दुप्पट जाड असते. त्यामुळे स्टीलसाठी पुरणारा स्टड इथे आखूड पडतो, आणि मागे जोडीच्या चाकांत दोन्ही डिस्क ॲल्युमिनियमच्या असतील तर फारच आखूड. चाक न लावता, डिस्क जिथे टेकते तिथपासून स्टडच्या टोकापर्यंत व्हर्नियरने मोजा. त्यातून डिस्कची जाडी वजा करा. जोडी असेल तर दोन्ही डिस्कची. उरलेल्या आट्यांवर नट पूर्ण उंचीने बसून स्टडचं टोक थोडं बाहेर दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ, 22 मिमीच्या दोन डिस्क आणि 27 मिमी उंचीचा नट असेल, तर 71 मिमीच्या वर स्टड हवा.

हातानेही कळतं. एम 22 × 1.5 च्या (22 मिमी जाडीचा स्टड, दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर) आट्यात एका फेऱ्याला नट 1.5 मिमी पुढे जातो. नट हाताने फिरवत टेकेपर्यंत फेरे मोजा. 15 फेरे झाले म्हणजे 22.5 मिमी पकड मिळाली. आठ-दहातच टेकला तर स्टड आखूड आहे. तिथे कितीही टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिला तरी तो भार मोजक्या आट्यांवर येतो आणि ते सोलले जातात.

उपाय दोन. लांब स्टड बसवणं हा माझ्या मते बरा. दुसरा, स्लीव्ह नट: त्याची नळी डिस्कच्या भोकात शिरते आणि आटे आतपर्यंत पकड घेतात. पण त्यासाठी भोकही मोठं लागतं. 26 मिमीच्या भोकात स्लीव्ह जात नाही, 32 मिमीचं लागतं. आत स्टील आणि बाहेर ॲल्युमिनियम अशी जोडी असेल तर स्लीव्ह बाहेरच्या डिस्कच्या जाडीपेक्षा आखूड हवी. नाहीतर ती आतल्या डिस्कवर टेकते, नट घट्ट लागतो आणि बाहेरचं चाक मात्र सैलच राहतं.

नटाचा प्रकार भोकावरून ठरतो. चाक हबच्या मधल्या गोल कडेवर बसत असेल तर भोक सपाट असतं आणि त्याला फिरत्या वॉशरचा दोन भागांचा नट लागतो, बहुधा 33 मिमी सॉकेटचा. त्यावर जुना उतरत्या, शंकूसारख्या तोंडाचा नट लावला तर तो भोकाच्या कडेवरच टेकतो आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततो. रुतल्यावर ताण उतरतो आणि नट सुटू लागतो. टेकणाऱ्या तोंडावर क्रोम चढवलेले शोभेचे नटही नकोत, त्यांनी दाब एकसारखा राहत नाही. चकाकी हवी असेल तर वरून टोप्या लावा.

बसवताना हबचं तोंड आणि डिस्कची पाठ वायर ब्रशने साफ करा. गंज, माती, रंगाचा जाड थर चालताना दबतो आणि तेवढीच पकड जाते. इंजिन ऑइलचे दोन थेंब स्टडच्या टोकाच्या आट्यांवर आणि एक थेंब नट व वॉशरच्या सांध्यात. डिस्क आणि हबच्या तोंडांवर तेल किंवा ग्रीस अजिबात नको. हबच्या ज्या कडेवर चाक बसतं तिथे मात्र ग्रीसचा पातळ हात फिरवा, नाहीतर स्टील-ॲल्युमिनियमच्या गंजाने चाक असं धरून बसतं की काढताना घण मारावा लागतो.

सगळे नट हाताने चढवा. मग समोरासमोरच्या क्रमाने सुमारे 70 न्यूटन-मीटरला टेकवा, चाक सरळ बसलंय का पाहा, आणि त्याच क्रमाने शेवटचा टॉर्क द्या. एम 22 च्या अशा नटांना साधारण 610 ते 680 न्यूटन-मीटर लागतो. गाडीच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. हे काम टॉर्क रेंचचंच. इम्पॅक्ट गनने किंवा पान्याला पाइप लावून वर उभं राहिल्याने एक नट 400 वर राहतो, शेजारचा 1000 पार करून स्टड ताणतो.

80 ते 160 किमी चालल्यावर पुन्हा टॉर्क तपासा. नटाखालून गंजाचे तांबूस ओघळ दिसले, तर नट सैल आहे किंवा डिस्क तडकली आहे. नुसतं आवळू नका, चाक उतरवून भोकं पाहा. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूचेही बदला, कारण त्याचा भार त्यांनीच उचललेला असतो. दोन तुटले असतील तर त्या हबचे सगळे.