पारोड्याचा पर्वत आणि बाणावलीचं 'गोवा चित्र': मुलं-म्हाताऱ्यांसह एक दिवस

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नणंदेकडची मंडळी आली. किनारे त्यांनी पाहिले होते, म्हणून दक्षिण गोव्यातला पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत आणि बाणावलीचं 'गोवा चित्र' हे जुन्या वस्तूंचं संग्रहालय असा बेत केला. मडगावहून दोन्ही जवळ, पण दिशा वेगळ्या. आधी डोंगरच करा.

डोंगर साधारण ३५० मीटर उंच. गाडी बरीच वर जाते. वळणांवर हॉर्न द्या, घाई नको. पुढे पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी बसत-उठत त्या पोचल्या. आठच्या आत वर असलेलं बरं, नंतर अनवाणी पायांना फरशी पोळते. पाणी घरूनच न्या. माकडं दिसली तर खाऊची पिशवी आधी आत टाका.

वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. पौर्णिमेचं चांदणं पडलं की लिंगाला पाझर फुटतो, अशी श्रद्धा आहे. गोव्याच्या प्राचीन भोज राजांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, इथून जवळच. दर्शन झाल्यावर लगेच उतरू नका. खाली भातशेतं, माडांच्या रांगा, नदीची वळणं आणि पश्चिमेला समुद्र, सगळा सासष्टी तालुका नजरेत येतो. मुलांना ती शेतं नीट दाखवा, कारण दुपारी त्यांचीच अवजारं बघायची आहेत.

मडगावात जेवून बाणावली गाठली. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी लोकांनी टाकून दिलेल्या चार हजारांवर वस्तू इथे जमवल्या आहेत. इमारतीलाही पाडलेल्या जुन्या घरांचे खांब नि दारं लावलीत. नांगर, मापं, रांजण, ऊस गाळायचा अवाढव्य लाकडी घाणा. धान्याच्या मापांपाशी सासूबाई थबकल्या. "ही पायली. शीग भरून द्यायची की काठोकाठ हात फिरवून, यावरून भांडणं व्हायची," म्हणाल्या आणि हवेतच तळवा आडवा फिरवून दाखवला. भाचा मोबाईल खिशात घालून त्यांच्यामागून फिरू लागला. माहिती सांगणाऱ्यासोबतच फिरा. पण घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर त्यालाही बोलू द्या, ते कुठल्याच पाटीवर नसतं.

दोन तास हाताशी ठेवा. सोमवारी बंद असतं; वेळ नि तिकीट आधी फोनवर विचारा. पावसाळ्यात हा बेत नको: पारोड्याला कुशावती नदीचं पाणी रस्त्यावर येतं आणि पायऱ्या निसरड्या होतात.