चौदा हंगाम आणि एकच गळती: बफेलो सेबर्सच्या चाहत्यांचा हिशेब

बफेलो सेबर्स या न्यूयॉर्क राज्यातल्या हॉकी संघाचा २०२४-२५ चा हंगाम कागदोपत्री एप्रिलमध्ये संपला. खरं तर तो नाताळच्या आधीच संपला होता, आणि ते साध्या बेरीज-वजाबाकीने दाखवता येतं.

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक लीग. ३२ संघ, प्रत्येकाचे ८२ सामने. जिंकलं की २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलं तर १, ठरलेल्या ६० मिनिटांत हरलं तर शून्य. निम्मे म्हणजे १६ संघ प्लेऑफला, म्हणजे बादफेरीला जातात. सेबर्स ज्या पूर्व विभागात खेळतात तिथे शेवटची जागा २०२३ मध्ये ९२ गुणांवर मिळाली, २०२४ आणि २०२५ मध्ये ९१ वर. म्हणजे सामन्यामागे १.११ गुण, दहा सामन्यांमागे ११. हा आकडा बफेलोच्या चाहत्यांना तोंडपाठ असतो.

आता तो हंगाम तीन तुकड्यांत मांडू. पहिल्या २१ सामन्यांत ११ विजय, ९ पराभव आणि जादा वेळेतला एक पराभव, म्हणजे २३ गुण. गती अगदी रेषेवरची. पुढच्या १३ सामन्यांत एकही विजय नाही; १० सरळ पराभव आणि ३ जादा वेळेतले, म्हणजे ३ गुण. २३ डिसेंबरला न्यूयॉर्क आयलंडर्सना ७-१ ने हरवून ही माळ तुटली, आणि उरलेल्या ४८ सामन्यांत ५३ गुण आले. गती पुन्हा रेषेवरची. शेवटी ७९ गुण, म्हणजे १२ कमी. त्या १३ सामन्यांत जे १४-१५ गुण मिळायला हवे होते आणि ३ च मिळाले, तेवढाच हा खड्डा. बाकीचे ६९ सामने संघ प्लेऑफच्या लायकीचा होता.

‘संघ कच्चा आहे, हरणारच’ असं चाहत्यांना समजावणाऱ्यांनी हे तीन तुकडे एकदा बघावेत. कच्च्या संघाचं दुःख वेगळं असतं, आणि वर्षातून एकदा तीन-चार आठवडे सगळं सोडून देणाऱ्या संघाचं वेगळं.

ही खोड जुनी आहे. २०१८-१९ मध्ये सेबर्सनी नोव्हेंबरात सलग १० सामने जिंकले. २५ सामन्यांनंतर ३६ गुण, लीगमध्ये अग्रस्थानी. त्यातले बरेच विजय एका गोलाच्या फरकाने, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये आलेले होते, त्यामुळे जाणत्यांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. उरलेल्या ५७ सामन्यांत फक्त ४० गुण आले. २०२०-२१ मध्ये सलग १८ सामने विजयाविना गेले. त्यात फिलाडेल्फियाविरुद्ध ३-० आघाडी घेऊन शेवटच्या सत्रात उतरलेला संघ ४-३ ने हरला. २०२२-२३ मध्ये प्लेऑफ हुकलं ते एका गुणाने. त्याच वर्षी नोव्हेंबरात सलग ८ पराभव झाले होते. त्या हंगामात टेज थॉम्पसनने ४७ गोल केले, गोल करण्यात संघ लीगच्या अगदी वरच्या रांगेत होता, तरी घरच्या बर्फावर ४१ सामन्यांत विजय १७ आणि बाहेर २५. घरी तिकीट काढून येणाऱ्या माणसाला त्या वर्षीचा चांगला संघ बहुतेक टीव्हीवरच दिसला.

डिसेंबरात पडलेला खड्डा मार्चमध्ये का भरत नाही, याचं कारण गुणपद्धतीत आहे. जादा वेळेत गेलेल्या सामन्यात दोन्ही संघांना मिळून ३ गुण वाटले जातात. आपण जिंकून २ घेतले तरी ज्यांना गाठायचं आहे ते हरूनही १ घेऊन जातात. शिवाय आपल्या आणि त्या जागेच्या मधे साधारण चार-पाच संघ असतात, आणि ते एकमेकांशीही खेळतात. म्हणजे कुणीतरी गुण कमावतोच. दहा गुणांची पिछाडी भरायची तर शेवटच्या तीसएक सामन्यांत वीस-बावीस विजय लागतात. ते विजेत्या संघांनाही जड जातं.

मग माळ लागते तरी कशी? ३ डिसेंबर २०२४ चा कोलोरॅडोविरुद्धचा सामना घ्या. ४-० आघाडी, शेवटी ५-४ पराभव. आघाडी असताना तरुण संघ कुठे घसरतो ते डोळ्यांनी टिपता येतं. आक्रमक समोरच्या टोकाला दडपण आणायचं थांबवतात आणि मधल्या पट्ट्यात उभे राहतात. मग प्रतिस्पर्धी वेग घेऊन आत येतो, बचावपटू त्या वेगाला घाबरून गोलपोस्टकडे सरकतात, आणि पक (खेळाची रबरी चकती) आपल्या निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या बचावाच्या टापूबाहेर, काचेवरून सरळ भिरकावायच्या ऐवजी नेटका पास द्यायचा मोह होतो. तो पास निळ्या रेषेवर अडला की संपलं. दुसऱ्या सत्रात हे जास्त घडतं, कारण बाजू बदलल्यामुळे आपला बाक आपल्या गोलपासून लांब जातो. खेळाडू साधारण ४५ सेकंदांनी बदलायचे असतात. पक बाहेर गेला नाही तर तेच पाच जण दीड-दोन मिनिटं अडकतात, आणि दमलेल्या पायांवर गोल बसतो. हे बैठकीत समजावून थांबत नाही. बर्फावर तिशी ओलांडलेले दोन-तीन सेंटर (मधले आक्रमक) लागतात, जे कुरूप पण सुरक्षित खेळ करून ४५ सेकंद घालवतात. बफेलोने नेमकी हीच जात वर्षानुवर्षं विकली किंवा विकतच घेतली नाही.

गोलरक्षकाचा हिशेब तर त्याहून सरळ आहे. सामन्यात साधारण ३० फटके येतात. शंभरातले ९१ अडवणारा आणि साडेएकोणनव्वद अडवणारा, फरक दीड टक्क्याचा. सामन्याला अर्ध्याहून थोडा कमी गोल. ८२ सामन्यांत ३७ गोल. हॉकीत ढोबळ मानाने सहा गोलांचा फरक म्हणजे एक विजय धरतात. म्हणजे सहा विजय, १२ गुण. आणि लायनस उलमार्क २०२१ च्या उन्हाळ्यात करार संपवून बॉस्टनला गेला तेव्हा संघाकडे त्याच्या तोडीचा दुसरा माणूस तयार नव्हता. पुढच्या एका हंगामात सेबर्सनी सहा गोलरक्षक वापरले, त्यात मुख्य क्रेग अँडरसन चाळिशीचा. २०२३ मध्ये उलमार्कने लीगच्या सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी घेतली, त्याच वर्षी बफेलोचं प्लेऑफ एका गुणाने हुकलं. डोमिनिक हाशेकने सहा वेझिना जिंकलेलं हे गाव. गोलरक्षकाची किंमत त्याला कुणी शिकवायला नको होती.

या सगळ्याच्या मुळाशी २०१३ ते २०१५ चा निर्णय आहे, आणि माझ्या मते चाहत्यांचा विश्वास तिथेच पहिल्यांदा तडकला. टेरी पेगुला यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये १८ कोटी ९० लाख डॉलरना संघ घेतला आणि स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकणं हेच या संघाच्या अस्तित्वाचं कारण असेल असं जाहीर केलं. त्या एप्रिलमध्ये सेबर्स फिलाडेल्फियाकडून सातव्या सामन्यात हरले. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत त्यांना प्लेऑफचा एकही सामना मिळाला नाही. सलग १४ हंगाम, एनएचएलच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ.

पैसा ओतून बघितल्यावर दुसरा मार्ग धरला: तळाला जा, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जिथे तळाच्या संघांना आधी पाळी मिळते) वरचा खेळाडू घ्या. २०१४-१५ मध्ये कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल हे दोन असामान्य मुलगे त्या रांगेत होते. शेवटच्या संघाला लॉटरीत पहिला क्रमांक लागण्याची शक्यता २० टक्के, पण दुसरा क्रमांक नक्की. चांगले खेळणारे दोन्ही गोलरक्षक, एनरॉथ आणि नॉयविर्थ, हंगामातच दुसरीकडे पाठवले गेले. २६ मार्च २०१५ ला तळाच्या शर्यतीतला ॲरिझोना बफेलोला आला. जादा वेळेत सॅम गॅन्यरने ॲरिझोनाचा विजयी गोल केला, आणि घरच्याच प्रेक्षागृहातून जल्लोष उठला. त्या प्रेक्षकांना अनेकांनी नावं ठेवली. मला ते अन्यायाचं वाटतं. संघानेच त्यांना सांगितलं होतं की हरण्यात फायदा आहे. त्यांनी ते मनावर घेतलं एवढंच. लॉटरी एडमंटनला लागली, मॅकडेव्हिड तिकडे गेला, आयकल बफेलोला आला. पण दोन वर्षं हरायची सवय लागलेली ड्रेसिंग रूम तशीच राहिली. रायन ओ’रायलीने एप्रिल २०१८ मध्ये कबूल केलं की कधी कधी खेळावरचं प्रेमच हरवल्यासारखं झालं. त्या जुलैमध्ये त्याला सेंट लुईसला पाठवलं. २०१९ मध्ये सेंट लुईसने कप जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला ओ’रायली.

आयकलचं प्रकरण याहून दुखरं. मार्च २०२१ मध्ये त्याच्या मानेतली चकती सरकली. त्याला कृत्रिम चकती बसवून हवी होती. संघाचे डॉक्टर दोन मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर ठाम होते, कारण कृत्रिम चकती बसवून एनएचएलमध्ये तोवर कुणी खेळलं नव्हतं. खेळाडूंच्या सामूहिक करारानुसार शेवटचा शब्द संघाचा. महिने गेले, कर्णधारपद काढून घेतलं, आणि नोव्हेंबरात त्याला वेगासला पाठवलं. तिथे हवी ती शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत तो बर्फावर परतला, आणि २०२३ मध्ये कप जिंकताना प्लेऑफमध्ये सर्वाधिक २६ वैयक्तिक गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) त्याचे होते. सॅम राइनहार्टला २०२१ मध्ये फ्लोरिडाला दिलं. त्याने २०२३-२४ मध्ये ५७ गोल केले आणि २०२४ च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात कप जिंकून देणारा गोलही. ब्रँडन माँटूर त्याच संघात होता. चाहते दर जूनमध्ये आपल्याच जुन्या खेळाडूंना कप उचलताना बघतात. बदल्यात आलेला टेज थॉम्पसन खरा हिरा निघाला, ॲलेक्स टक मेहनती आणि गावाशी जोडलेला. हे मान्य करायलाच हवं. पण एवढं अंतर एकटा हिरा कसा भरणार?

मधल्या काळात कोच लिंडी रफ यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या कारकिर्दीच्या मधे सहा कोच झाले. राल्फ क्रूगर यांचा खेळ आखडता आणि बंदिस्त, त्यांच्या मागून आलेले डॉन ग्रॅनाटो मोकळं आक्रमण करू देणारे. वीस वर्षांच्या बचावपटूला दोन वर्षांत कुणाच्या मागे जायचं आणि कुठे थांबायचं हेच उलटसुलट शिकावं लागलं, तर निळ्या रेषेवर तो क्षणभर थबकणारच. तेवढा क्षण पुरतो.

डिसेंबर २०२४ मध्ये, ती माळ चालू असतानाच, जनरल मॅनेजर केव्हिन ॲडम्स पत्रकारांसमोर बोलले की खेळाडू इथे यायला सहज तयार होत नाहीत. आमच्याकडे ताडाची झाडं नाहीत, न्यूयॉर्कचे कर आहेत. पुढच्या सामन्यांना लोक फुगवायची प्लास्टिकची ताडाची झाडं घेऊन आले. करारात ‘या संघांकडे पाठवू नका’ अशी यादी देण्याचा हक्क ज्येष्ठ खेळाडूंना असतो आणि बफेलो त्या याद्यांत असतं, हे खरंच आहे. पण विनिपेगलाही ताड नाहीत, तरी २०२४-२५ मध्ये ते प्लेऑफ खेळले. खेळाडू हवामान बघतात, त्याहून जास्त जिंकण्याची शक्यता बघतात. कारण आणि परिणाम उलटे मांडले गेले, आणि लोक त्यावर भडकले.

टोरांटो बफेलोपासून रस्त्याने साधारण १६० किलोमीटर. तिथल्या मेपल लीफ्स संघाशी सामना असला की ऑंटेरियोतून गाड्या भरून लोक येतात. टोरांटोलगतच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांतले हॉकीवेडेही त्यांत असतात, कारण टोरांटोत तिकीट मिळणं आणि परवडणं दोन्ही कठीण. १९,०७० क्षमतेच्या घरच्या मैदानात लीफ्सच्या निळ्या जर्सी जास्त दिसतात. बफेलोच्या कायम तिकीटधारकाला ती रात्र सगळ्यांत टोचते, आणि बरेच जण नेमकं तेच तिकीट विकून बाकीच्या सामन्यांचा खर्च काढतात. त्यांना दोष देता येत नाही.

आणि पैशांची शेपूट अजून चालूच आहे. जेफ स्किनरला २०१९ मध्ये ४० गोलांनंतर ८ वर्षांचा, ७ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. २०२४ मध्ये तीन वर्षं उरली असताना तो मोडला. २६ किंवा त्याहून मोठ्या वयाच्या खेळाडूचा करार मोडला की उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग दुप्पट वर्षांत द्यावा लागतो, आणि लीगने संघाच्या एकूण पगारावर घातलेल्या मर्यादेत दरवर्षी काही रक्कम अडकते. पहिल्या वर्षी १४.४ लाख डॉलर, दुसऱ्या वर्षी ४४.४ लाख, तिसऱ्या वर्षी ६४.४ लाख, पुढची तीन वर्षं २४.४ लाख. शेवटचा हप्ता २०२९-३० च्या हंगामात.