दरात न धरलेलं घर

"कंपाउंड वॉल यात धरलेली नाही हं," कॉन्ट्रॅक्टर आमच्या घराच्या बांधकामाच्या दराचा कागद पुढे सरकवत सहज म्हणाले.

मी पुन्हा वरपासून वाचलं. पाण्याची टाकी नाही, सेप्टिक टँक नाही, वीजजोडणीही नाही. दर चौरस फुटाचा, तोही फक्त इमारतीचा.

दर असाच सांगायची पद्धत आहे, त्यांचं काही चुकलं नाही. पण आपण त्याला क्षेत्रफळाने गुणतो आणि तेवढ्यावरच कर्ज काढतो. मग कडक जमीन लागेपर्यंत पाया खोल न्यावा लागतो, स्टील महागतं आणि रंगकामाला पैसे उरत नाहीत. माझ्या मते, टाइल्स बघायला जाण्याआधीच बांधकामाच्या अंदाजे खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम अशा न धरलेल्या खर्चांसाठी बाजूला काढावी आणि एरवी तिला हात लावू नये.

तुमच्या बांधकामात न धरलेला सगळ्यात मोठा खर्च कोणता निघाला?