तीन जुने टीएलआर, आयर्विन पूल आणि लॅबवाल्याचं ‘सर, सगळे शार्पच आलेत’

जुन्या मीडियम फॉरमॅट (नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मच्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स एकमेकींशी ताडून बघायच्या असतील तर लेन्सचं नंतर बघू, आधी स्कॅन कोण करून देणार ते ठरवा. हे रागातच लिहितोय, अजून उतरलेला नाही.

झालं असं की माझ्याकडे याशिका मॅट १२४जी, मामांकडून आलेला रोलीकॉर्ड आणि मित्रानं ‘ठेव तुझ्याकडंच’ म्हणून दिलेला चिनी सीगल ४ए असे तीन टीएलआर, म्हणजे एकावर एक दोन लेन्सचे कॅमेरे (वरची बघायची, खालची फोटोची), जमले. सर्व्हिसिंगला पैसे घालायचे तर एकावरच घालणं परवडणार, मग कुठल्यावर? याशिकाची याशिनॉन ८० मिमी, रोलीकॉर्डची श्नायडरची झेनार ७५ मिमी, दोन्ही एफ ३.५ (एफ म्हणजे ॲपर्चरचा, लेन्सच्या भोकाचा आकडा; आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि दोन्ही चार काचांच्या, म्हणजे झाइसनं १९०२ साली काढलेल्या टेसारच्याच घराण्यातल्या. सीगल पण ७५ मिमी, एफ ३.५, पण माझ्याकडचा तीन काचांचा, ट्रिपलेट. पुस्तकी हिशोबानं सीगल कोपऱ्यांत मार खाणार आणि बाकीचे दोघं जवळपास सारखे येणार. पण इतक्या वर्षांत कुणी उघडलाय, कुणी काच उलटी बसवलीय, कशात बुरशी शिरलीय, ते पुस्तकात नसतं. आपल्याकडचा पावसाळा लेन्सला काय करतो ते सांगायला नको, मोबाईलचा टॉर्च मागून मारून बघा, धुरकट दिसलं तर आधी ते साफ करून घ्या आणि मगच टेस्ट.

टेस्टला टार्गेट काय घ्यायचं यावर मी फार विचार केला नाही. सांगलीत राहतो तर कृष्णेवरचा आयर्विन पूल आहेच. १९२९ चा दगडी पूल, दगडांच्या सांध्यांच्या रेघाच रेघा, आणि पाणी किती फूट आलं ते बघायला रंगवलेली पट्टी. पावसाळ्यात अख्खं गाव त्या आकड्यांकडं डोळे लावून बसतं, चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. मी म्हटलं हाच आपला टेस्ट चार्ट. थंडीत सकाळी, हवा स्थिर असताना, घाटाकडून ट्रायपॉड लावून पट्टी एकदा फ्रेमच्या मधोमध आणि मग कॅमेरा वळवून कोपऱ्यात, एफ ३.५, ५.६, ८, ११. तिन्ही कॅमेऱ्यांत एकच फिल्म, १२५ आयएसओची ब्लॅक अँड व्हाईट. प्रत्येक फ्रेममध्ये खाली एका कडेला पुठ्ठ्यावर कॅमेरा आणि ॲपर्चर मार्करनं ठसठशीत लिहून ठेवलं. हा पुठ्ठा पुढं लई कामाला आला. इथपर्यंत काही अडचण नाही, एक-दोघं येऊन ‘जमिनीची मोजणी चाललीय काय’ विचारून गेले एवढंच.

रोल मोठ्या शहरातल्या एका लॅबला पाठवले, नाव नको. डेव्हलपिंग चांगलं केलं होतं, ते म्हणायलाच पाहिजे. स्कॅन लिंकवर आले आणि उघडून बघतो तर तिन्ही कॅमेरे सारखेच! सीगलचा कोपरा आणि झेनारचा कोपरा, फरकच नाही. पट्टीवरचे आकडे तिन्हींत अळणी ठिपके, आणि दगडाच्या कडांना पांढरी किनार, म्हणजे मशीननं शार्पनिंग मारलेलं, कडा खोट्या ठळक केलेल्या. वर प्रत्येक फ्रेमचा कॉन्ट्रास्ट आपला आपणच सेट केलेला, त्यामुळं कुठली लेन्स मळकट आणि कुठली खणखणीत तेही कळायला मार्ग नाही.

फाईल २००० बाय २००० पिक्सेलच्या. आता साधा हिशोब बघा. सिक्स बाय सिक्स म्हणतात ती फ्रेम खरी ५६ मिलिमीटरची. म्हणजे मिलिमीटरला जेमतेम ३६ पिक्सेल. एक काळी एक पांढरी रेघ दिसायला निदान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे मिलिमीटरला १८ जोड्यांच्या पुढचं काही त्या फाईलीत असूच शकत नाही. नीट असलेली टेसार एफ ८ ला याच्या दुपटीच्या पुढं आरामात जाते. म्हणजे लेन्सची परीक्षा जिथं सुरू होते तिथंच फाईल संपलेली.

लॅबला मेसेज टाकला. उत्तर, ‘सर सगळे फोटो शार्पच आलेत’. मी म्हटलं दादा, तेच तर दुखणं आहे, शार्पनिंग बंद करून पुन्हा स्कॅन द्या. ‘सर मशीनला तसा ऑप्शन नाही.’ मोठी फाईल? ‘टिफ घ्या सर, चार्ज वेगळा.’ दिला चार्ज. टिफ (जेपेगसारख्या दाबून लहान न केलेल्या फाईली) आल्या, पाचपट वजनाच्या, आणि पिक्सेल मोजले तर तेच २०००! विचारलं तर ‘टिफमध्ये क्वालिटी जास्त असते सर’. यावर माणसानं काय बोलायचं? बरं एका फ्रेममध्ये पुठ्ठ्यावरची अक्षरं आरशात बघावी तशी उलटी, म्हणजे निगेटिव्ह पालथी टाकून स्कॅन केलेली. पुठ्ठा नसता तर डावा कोपरा उजवा समजून मी रोलीकॉर्डची काच वाकडी बसलीय असं धरून बसलो असतो. मग म्हटलं राहू द्या स्कॅन, निगेटिव्ह पाठवा. तर ‘निगेटिव्ह पण पाहिजेत का सर?’ अहो माझ्याच आहेत की! कुरियरचा चार्ज वेगळा, तोही दिला, मग ‘आज निघेल सर’, ‘उद्या नक्की सर’, मग फोन उचलणं बंद. मी रोज सकाळी नुसता ‘गुड मॉर्निंग’ टाकायला लागलो, त्याचा उपयोग झाला असावा, एकदाचं पार्सल आलं. निगेटिव्ह अख्ख्या, न कापलेल्या, घट्ट गुंडाळी करून रबर लावलेल्या. त्या सरळ व्हायला जाड पुस्तकांखाली घालून ठेवाव्या लागल्या.

त्यामुळं रोल देतानाच लिहून द्या: निगेटिव्ह परत पाहिजेत, सपाट पाहिजेत, आणि स्कॅन लांबी-रुंदी किती पिक्सेलचा ते आधी सांगा. ‘हाय-रेस’ या शब्दावर जाऊ नका.

पुढचं मिरजेत सुटलं. दवाखान्यांचं गाव, आता एक्स-रे सगळे कॉम्प्युटरवर बघतात, त्यामुळं एक्स-रे मागून उजेड टाकून बघायचे जुने डबे, व्ह्यू बॉक्स, कुठंतरी कपाटावर धूळ खात असतातच. ओळखीच्या डॉक्टरांनी एक तसाच देऊन टाकला. त्यावर निगेटिव्ह ठेवली, कडेचा उजेड काळ्या पुठ्ठ्यानं झाकला, वरून माझ्या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम डिजिटलवर मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स लावून एकास एक, म्हणजे फिल्मवर जेवढं तेवढंच सेन्सरवर, फोटो काढले. सगळी फ्रेम एका फोटोत मावत नाही, पण मला मध्य आणि कोपरेच पाहिजे होते. सेन्सरच्या ३६ मिलिमीटर रुंदीवर ६००० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरमागे लॅबच्या चौपटीहून जास्त. एक्सपोजर मॅन्युअल, सगळ्यांना एकच, शार्पनिंग शून्य.

आणि आकडे वाचता आले राव! मी एकटाच घरात ओरडलो.

निकाल माझ्याकडच्या तीन नगांपुरता सांगतो. मधोमध एफ ८ ला तिघांत डोक्याला ताप करून घेण्याइतका फरक नाही. एफ ३.५ ला सीगलचे कोपरे वितळलेले, ५.६ ला पण तेच, ११ ला मात्र बऱ्यापैकी गोळा होतात. याशिका आणि रोलीकॉर्डमध्ये कोपऱ्यात ५.६ पर्यंत रोलीकॉर्डच्या झेनारच्या बाजूनं थोडा फरक, ८ पासून कुठला कुणाचा ते पुठ्ठा झाकून मला सांगता आलं नाही. उजेड समोरून आला की मात्र याशिका जास्त पांढुरकी पडते, हूड (लेन्सवर सावली धरणारी झापड) लावाच, बे वन मापाचा हूड याशिका आणि रोलीकॉर्ड दोन्हींना चालतो.

पैसे रोलीकॉर्डवर घातले. सीगल परत मित्राला, पोर्ट्रेटला मस्त आहे असं सांगून, आणि ते खरंच आहे.

टीएलआर असेल तर बघायची लेन्स आणि फोटोची लेन्स एकाच जागी फोकस होतात का तेही आधी तपासा, मागचं दार उघडून फिल्मच्या रुळांवर दुधी प्लॅस्टिक ताणून, शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं) धरून. हे न बघता लेन्सला शिव्या घालणारे बरेच आहेत. फिल्म पण अर्धी काढून ठेवू नका, रोल एका दमात संपवा, रोलरवर वळून तास-दोन तास थांबलेला भाग पुढच्या फ्रेममध्ये फुगून येतो.

आणि एक्स-रेचा डबा जुना ट्यूबवाला असेल तर शटर एक दशांश सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा, नाहीतर ट्यूबच्या लुकलुकण्यानं प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि तुम्ही परत लॅबवाल्याच्याच मशीनपाशी पोचता.